कोपऱ्याकडे कान

“डोळे समोर, कान माह्याकडे. पाहाचं तिच्याकडे, आयकाचं माहं. समजलं का व पोरी?”

गावंडे सरांना जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी केतकी उमाळेच्या कानात हे शब्द रोज पहाटे उमटायचेच. अंघोळ, देवापुढे निरांजन, आणि मग उपाशीपोटी आरशासमोर सावलीशी बॉक्सिंग, हा तिचा नेम. शाळेत असताना सरांनीच लावून दिलेला. तापानं फणफणली तेव्हा तिनं खाटेवर बसून हात चालवले होते, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात मेंदी भरल्या हातांनी. ठोसे मारायचे ते अगदी सावकाश. घाईत चुका लपून बसतात, असं सरांचं म्हणणं.

अकोल्यातल्या त्या लहानशा खोलीत कुणी बघत नसताना केलेला हा नेम एक दिवस सगळ्या राज्याच्या कामी येईल, असं काही तिच्या मनात नव्हतं.

त्या साली राज्यानं जिल्ह्याजिल्ह्यात मुलींसाठी बॉक्सिंग सुरू करायचं ठरवलं. रिंग उभारता येते, हातमोजे विकत मिळतात. पण धड शिकवणारी माणसं एवढी आणायची कुठून? म्हणून पुण्याच्या केंद्रात एक पोशाख तयार झाला. अंगाला चिकटून बसणारा, मनगटापासून घोट्यापर्यंत, आणि वर कानाच्या पाळीपर्यंत चढणारी कॉलर. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. चाचणीला बोलावलेल्या केतकीनं पहिल्यांदा तो हातात घेतला, तशी ती म्हणाली, “ही तर तान्ह्या बाळाची आंगी.” तेव्हापासून केंद्रातले शास्त्रज्ञसुद्धा आंगीच म्हणू लागले.

आंगी करणाऱ्या डॉ. नीरजा ताम्हणकर पुण्याच्या, बोलणं मोजकं, पण आंगीचा विषय निघाला की चहा गार होईपर्यंत सांगत. आपला मेंदू एकेका स्नायूला वेगळा हुकूम देत बसत नाही. तो स्नायूंच्या जुड्या बांधून ठेवतो. पोळी लाटताना खांदा, कोपर, मनगट यांची आठवण कुणी करत नाही. एक जुडी उचलली की सगळं आपोआप येतं. तसाच ठोसा. मागच्या पायाचा अंगठा जमीन दाबतो, पोटरी, मांडी, कंबर, खांदा, आणि शेवटी मूठ. मुरलेल्या बॉक्सरची जुडी घट्ट असते, नवख्या मुलीची विस्कटलेली. स्नायू हलण्याआधी त्यात बारीकशी वीज उठते. आंगी ती टिपून घेते. मग तीच आंगी नवी मुलगी घालते. तिनं हात उचलायला सुरुवात केली की ज्या स्नायूची पाळी असेल, तिथं आंगी हलकीशी टोचणी देते. ओढत नाही, ढकलत नाही, नुसती आठवण करून देते. काही आठवड्यांनी शरीरालाच सवय लागते आणि आंगी गप्प होते.

प्रश्न एकच होता. आंगीत भरायचं कुणाला?

निवडीच्या दिवशी दोघींच्या आकृत्या पडद्यावर शेजारी शेजारी नाचत होत्या. एक अमरावतीची शर्वरी मोहोड, आशियाई सुवर्णपदक मिळवलेली, जिच्या नावाच्या टोप्या बाजारात विकल्या जात. दुसरी केतकी. तिच्या नावावर एक राष्ट्रीय रौप्यपदक, तेही एकदाच. समितीच्या अध्यक्ष मेजर सावे, फौजेतून निवृत्त झालेल्या बाई, थेट म्हणाल्या, “सुवर्ण सोडून रौप्य का घ्यायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.”

नीरजानं शर्वरीची आकृती थांबवली. “हिचे हात बघा, कमरेशी आहेत. ठोसा सुटताना हिला दिसतो आणि ही डोकं काढून घेते. ते डोळे हिचे आहेत, आंगीत भरता येत नाहीत. हिची नक्कल करणारी नवी मुलगी पहिल्याच आठवड्यात नाक फोडून घेईल.” मग केतकीची आकृती हलली. “हिचं काही लपलेलं नाही. पाय, कंबर, खांदा, मूठ, आणि हात परत गालाशी. प्रत्येक वेळी. नवशिक्याला वाचता येईल असं बॉक्सिंग मी दुसरं पाहिलेलं नाही.”

मागच्या खुर्चीतून शर्वरी हसली. “म्हणजे मी डॉक्टरची चिठ्ठी आणि ही बाई कित्ता.”

सगळे हसले, सावे मॅडमसुद्धा. आणि नाव पडलं ते पडलंच. राज्याचा कित्ता, केतकी उमाळे. पुण्याच्या केंद्रानं तिला नेमून घेतलं, आणि फलकांवर हेच नाव लागलं.

बाहेर आल्यावर शर्वरीनं तिच्या पाठीत थाप मारली. “काय व, रडून रायली का?”

“नाही.”

“रड नं बाप्पा. हजारो पोरी तुझ्यावाणी उभ्या राहतील आता. माझ्यावाणी उभ्या राहिल्या असत्या तर दातांचे दवाखाने चालले असते.”

केतकीला रडू येत होतं, पण स्वतःसाठी नाही. पडद्यावर जी आकृती हलत होती तिचा एकेक सांधा सरांनी बसवलेला होता. निवड झाली होती ती सरांची.

सरांचं बॉक्सिंग म्हणजे डाळमिलमागचं एक गोदाम. हवेत तुरीची भुकटी, दोरांना सुतळी गुंडाळलेली, आणि डाव्या कोपऱ्यात एक तिवई. खोक्याच्या फळ्यांची ती सरांनी स्वतः ठोकली होती, एका पायाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. फेरी चालू असताना सर तिच्यावर बसत. फेरी संपली की स्वतः उठून तीच आत सरकवत, केतकीला बसायला. ती बसली की तिवई कोमट लागायची.

मग सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कापडावरून हात फिरवावा तशी कुजबुज. त्या वर्षी सुलभाकाकूंनी, सरांच्या पत्नीनं, सकाळचं मौन धरलं. उठल्यापासून तुळशीला पाणी घालेपर्यंत शब्द काढायचा नाही. यजमानाचा आवाज देवानं घेतला, तर त्यातला थोडा आपणही देऊ, असा त्यांचा साधा हिशेब. सर कुजबुजले होते, “घरात आता दोन मुके. अन् येते कोण? तं ही केतकी, जिचं तोंड मिटत नाही.”

कुजबुजीवरही सरांनी कोपरा सोडला नाही. जायच्या आठवड्यात त्यांनी केतकीला जवळ बोलावलं. तिनं कान त्यांच्या ओठांशी नेला.

“कोणाची का पोट्टी असेना. रिंगात असली तं कोपरा रिकामा नाही पाह्यजे. एवढं ध्यानात ठेवजो.”

“हो सर,” ती म्हणाली होती.

आणि आज तिला वाटत होतं, शब्द पुरा झाला. एका गोदामातलं शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात जाणार, याहून मोठा कोपरा कोणता? बातमी कळली तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली, आणि ओसरीतल्या तिवईलाही हळदकुंकू लावलं.

पहिलं केंद्र हिंगोलीत सुरू झालं. चारेक महिने गेले असतील, एका दुपारी नीरजाचा फोन आला.

“केतकी, तू मान वळवतेस.”

“कुठं?”

“डावीकडे. तीन ठोसे मारून मागे सरकलीस की. थोडीशीच. तुझ्या लढतींत आहे, आरशासमोरच्या सरावात आहे, सगळीकडे आहे. आम्हाला वाटलं हनुवटी लपवायची लकब असेल. आता हिंगोलीच्या मुली तेच करतायत, आणि तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. काल एका मुलीला त्यातच बाजूनं हुक बसला. ओठ फाटलाय.”

केतकीला हे पटेना. इतकी वर्षं आरसा समोर होता, दिसलं नसतं का? दुसऱ्या दिवशी पहाटे नेमाला उभी राहिली तेव्हा तिनं एक टिकली आरशावर चिकटवली, बरोबर तिच्या कपाळावरची टिकली जिथं दिसत होती तिथं. मग सावकाश तीन ठोसे मारले, मागे सरकली आणि थांबली. डोळे समोरच होते, म्हणून तर कधी कळलं नव्हतं. पण कपाळावरची टिकली आरशातल्या टिकलीपासून बाजूला सरकली होती. कान डावीकडे गेला होता. गोदामात तिवई जिकडे असायची तिकडे.

तिनं आरशावरच्या टिकलीवर बोट ठेवलं. सरांचा आवाज गेल्यावर, गोंगाटात ती कुजबुज पकडायला, तिची मान आपोआप कोपऱ्याकडे कलायला लागली असणार. तिच्या नकळत, सरांच्याही नकळत. मेंदूनं ठोशांच्या जुडीतच ते ऐकणंही बांधून टाकलं होतं. सर गेले, पण जुडी सुटली नाही. दोन वर्षं ती रोज पहाटे रिकाम्या भिंतीकडे कान लावून उभी होती.

नीरजा आणि ती हिंगोलीच्या केंद्रात पोचल्या तेव्हा सराव सुरू होता. मुली आंग्या घालून ओळीत उभ्या होत्या. केतकी ओळीच्या टोकाशी थांबली. कुणी ठेंगणी, कुणी काडीसारखी, पण कंबर वळायची ती तिची, हात परत गालाशी यायचा तो तिचा. अभिमानानं ऊर भरून यावा असंच ते दृश्य होतं.

मग सगळ्यांनी तीन ठोसे मारले, मागे सरकल्या, आणि सगळ्यांचे कान एकदम डावीकडे वळले. तिकडे भिंत होती. भिंतीवर पाण्याचा नळ. आणि मुली ऐकत राहिल्या.

देखरेखीला नेमलेली बाई दारात उभी राहून हजेरी घेत होती. कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

फाटक्या ओठाची मुलगी होती समिधा कऱ्हाळे, नववीतली. केतकीनं तिला बाजूला घेतलं. “तिकडे काय बघतेस गं?”

“बघत नाई ताई.” समिधा लाजली. “कुणीतरी काहीतरी सांगणार हाय, असं वाटतंय.”

“कोण?”

“काय माहीत. कुणी बोलतच नाई. मग वाट बघती.”

केतकीनं तिच्या कॉलरची कड सरळ केली. तेवढ्यात समिधाची सरावाची फेरी लागली. समोर त्या दिवशीचीच मुलगी, त्या दिवशीचाच हुक तयार ठेवून. समिधानं सुरेख तीन ठोसे मारले, मागे सरकली, कान डावीकडे गेला, आणि केतकी कधी कोपऱ्यात जाऊन उकिडवी बसली ते तिचं तिलाही कळलं नाही.

“हात वर, समिधा.”

हळूच म्हणाली ती. ओरडून नाहीच. समिधाची मान फिरकीसारखी परत आली. हुक येत होता, तो तिच्या मोज्यावर आपटला, आणि तिनं उलट सरळ ठोसा असा दिला की समोरची मुलगी दोरावर जाऊन हसायला लागली.

“डावा पाय. हं. आता थांब. आता.”

पुढची सगळी फेरी केतकी बोलत राहिली. एका पाठोपाठ एक मुली रिंगात आल्या. प्रत्येकीचा कान वळायचा, शब्द मिळायचा, मान जागेवर यायची. दारातल्या बाई हजेरी विसरून बघत होत्या. नीरजा आंग्यांची नोंद दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघांवरून नजर उचलायला तयार नव्हती.

परतीच्या गाडीत, वाशीम मागे पडल्यावर, नीरजा बोलली. “उत्तर मिळालं की मान पापणी लवावी तशी परत येते. उत्तर नाही आलं की अडकते. ती चूक नाहीये केतकी. अर्धी क्रिया आहे. उरलेली अर्धी दुसऱ्या माणसात आहे, आणि तो माणूस आम्ही आंगीत भरलाच नाही.”

“मग मान कापून टाका ना जुडीतून.”

“करून बघितलं. ती मागे सरकण्याशी इतकी घट्ट विणली गेलीय की ती काढली की पायच उखडतात.” मग नीरजा म्हणाली, “समितीकडे साताऱ्याच्या एका मुलीचा राखीव कित्ता तयार आहे. साधाच आहे, पण स्वच्छ. हे कळलं की सावे मॅडम तुला काढून तिला बसवतील. एक वाट आहे. सरांच्या जुन्या चित्रफिती असतील ना? त्यातून आवाज बनवता येईल, ऑपरेशनच्या आधीचा. कॉलरमध्ये कानापाशी बसवू. मान वळली की आवाज बोलेल. तू आहेस तशी राहशील.”

केतकी खिडकीबाहेर बघत राहिली. सरांचा आवाज, तोही भरदार, पूर्वीचा. राज्यातल्या प्रत्येक मुलीच्या कानात. मोह पडावा असंच होतं ते.

संध्याकाळी काकू वाती वळत बसल्या होत्या. केतकीनं सगळं सांगितलं. आवाजाचं तिनं शेवटाला ठेवलं होतं.

काकूंनी वात पुरी केली. “आवाज त्याईचाच राहीन?”

“हुबेहूब.”

“मलेही आयकू येईन?”

“हो काकू.”

काकूंनी वळलेल्या वाती ताटलीत एकसारख्या लावल्या. मग म्हणाल्या, “त्या आवाजाले पोट्टी दिसन का?”

केतकी त्यांच्यासमोर खाली बसली.

“तुले ताप होता, तरी तू अमरावतीले खेळाले उभी राह्यली होती, याद आहे? ह्यायनं टॉवेल फेकला, लढत थांबवली. तू चिडली, दोन दिवस घरी आली नाही. तुले कोणी सांगतलं नव्हतं ताप आहे म्हणून, अन् त्याईलेही नाही. त्याईले दिसला.” काकूंनी पुढचा कापूस उचलला. “माह्यासाठी म्हणशीन तं बनव बाई आवाज. रोज आयकीन. पण पोरीच्या कोपऱ्यात नको.”

पुण्याला समितीसमोर केतकी स्वतःहून उभी राहिली. आरशावरची टिकली, गोदाम, सरांची कुजबुज, समिधाचा ओठ, सगळं सांगितलं. नीरजानं रेघा दाखवल्या.

सावे मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “कित्त्यात डाग चालत नाही, उमाळे.”

“हो मॅडम. म्हणून तर सांगायला आले.”

“तुम्ही सांगितलं नसतं तर कॉलरमधल्या आवाजावर भागलं असतं, असं डॉक्टर ताम्हणकरांच्या आजच्या टिपणात आहे.”

“भागलं असतं. पण जिला ताप आहे तिला ‘आता मार’ म्हणून सांगितलं असतं त्या आवाजानं.” केतकीचे हात नकळत गालाशी गेले होते, तिनं ते खाली घेतले. “मॅडम, मी एकटी कधी लढलेच नाही. तुम्ही जे पडद्यावर बघितलं आणि निवडलं, ते दोन माणसांचं बॉक्सिंग आहे. मला त्याचा कमीपणा वाटत नाही. उलट मान वाटतो. पण एकटीला द्यायचं असेल तर तो कित्ता माझा नव्हे. साताऱ्याच्या मुलीचा द्या.”

सावे मॅडमनी समिधाच्या फेरीची रेघ पुन्हा मागवली, एकदा कोपरा रिकामा असतानाची आणि एकदा भरलेला असतानाची. दुसरी बघताना त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“ही मुलगी चार महिन्यांच्या सरावाची आहे?”

“चार महिन्यांची.”

“माझ्या पलटणीत अशी एक असती तर.” त्यांनी चष्मा काढला. “ठीक. सगळीकडे साताऱ्याचा कित्ता जाईल. तुमचा जाईल तो फक्त जिथं कोपऱ्यात माणूस बसलंय तिथं. बघणारं, बोलणारं माणूस. नुसतं पाटीवर नाव असलेलं नव्हे.” मग भुवई उचलून त्यांनी विचारलं, “अशी केंद्रं आज किती आहेत?”

नीरजा यादी चाळू लागली.

“एक आहे,” केतकी म्हणाली. “हिंगोली.”

“तिथं कोण बसतं?”

“मी.”

पुण्याच्या केंद्रातली तिची नेमणूक त्यासोबत संपणार होती, फलकांवरचं नावही उतरणार होतं. हे तिला माहीत होतं आणि समितीलाही. सावे मॅडम उभ्या राहिल्या. बॉक्सरशी हात मिळवतात तसा नव्हे, फौजेत करतात तसा त्यांनी तिला सलाम केला.

शर्वरीचा फोन रात्री आलाच. “राज्याचा कित्ता हिंगोलीपुरता झाला म्हणे?”

“झाला.”

“बरं आयक. वर्षभरात माझं खेळणं थांबते. तुझ्या आंगीच्या एखाद्या कोपऱ्यात बसवशील का मले? हात कमरेवर ठेवणार नाही, शपथ.”

“आधी येऊन शिकून घे,” केतकी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ एकटीच हसत राहिली.

हिंगोलीला निघायच्या दिवशी तिनं नेम चुकवला नाही. निरांजन लावलं, आरशासमोर उभी राहिली, तीन ठोसे मारून मागे सरकली. कान वळला. तिनं त्याला वळू दिलं. आरशावरची टिकली अजून तिथंच होती.

काकूंच्या दारात ती पोचली तेव्हा उजाडत होतं. रांगोळी घालून झाली होती, तुळशीला पाणी अजून घातलं नव्हतं. म्हणजे मौन चालू होतं. काकूंनी तिला बघितलं, आत गेल्या, वाटीतून दही-साखर आणून तिच्या तळहातावर ठेवली. मग ओसरीतली तिवई उचलली, तिच्यावरचं जुनं हळदकुंकू पदरानं हलकेच पुसलं, आणि केतकीच्या हातात दिली.

केतकी वाकून पाया पडली. तिनंही काही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला ते जमलं.

तिवई काखेत मारून ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. मागे तांब्यातलं पाणी तुळशीत पडल्याचा आवाज आला. तिनं चालता चालता मान किंचित डावीकडे कलती केली, आणि पावलं उचलली.